ठरल्या वेळी न आलेला खोका

ताईंनी संगणकाचा पडदा वरून खाली दोनदा धुंडाळला, पण आभार मानायला कुठे जागाच नव्हती.

'माल मिळाला', 'कमी मिळाला', 'फुटका मिळाला', 'गरम झालेला मिळाला'. एकावर बोट ठेवलं की काम संपलं. रुग्णालयाच्या औषधभांडारातल्या फ्रीजमध्ये बाटल्या कमी झाल्या की यंत्रच समुद्रापलीकडच्या कंपनीला कळवायचं, तिकडून खोका निघायचा, आणि इकडचं बोलणं तिकडच्या भाषेत करायचं कामही तेच उरकायचं. माणसाला माणसाशी बोलायची वेळच येऊ नये, अशी चोख सोय होती. इतकी वर्षं भांडार सांभाळताना ताईंना तिचं कौतुकच वाटत आलं होतं.

'बदल कोणी केला' या रकान्यात एरवी 'आपोआप' असायचं. परवा आलेल्या खोक्यापुढे मात्र 'पाठवणी एकोणीस' असं लिहून आलं होतं. म्हणजे समुद्रापलीकडे कुणीतरी, बाई की बाप्या देव जाणे, इकडचं कॅलेंडर उघडून पाहिलं होतं. सीमेवरची कचेरी सुट्टीमुळे बंद राहणार आणि खोका तिथेच कुजत पडणार, हे यंत्राच्या गावीही नव्हतं. त्या माणसाने कुणी न सांगता खोका आधीच्या विमानात चढवला.

खोका सकाळी आला आणि दुपारी जुळी जन्मली, दिवस भरायच्या कितीतरी आधी, पंजात मावतील एवढी. फुफ्फुसं उघडायचं औषध साऱ्या रुग्णालयात त्या खोक्यातलं तेवढंच होतं. आज ताई काचेपाशी उभ्या राहून दोघांच्या चिमुकल्या छात्या वरखाली होताना बघून आल्या होत्या, आणि कुणाचे तरी पाय धरावेत असं त्यांना झालं होतं.

"लिहायला मोकळी जागा हवी ना?" शेजारच्या टेबलावरून हिशेबनीस म्हणाले. "तक्रारीत आहे बघा. भांडायला मात्र ऐसपैस जागा ठेवलीय."

ताईंनी तक्रार उघडली. कारण निवडल्याशिवाय ती पुढे सरकेना, म्हणून त्यांनी 'माल ठरल्या वेळी आला नाही' यावर बोट ठेवलं. खोटं थोडंच होतं ते? मग मोकळ्या चौकोनात लिहिलं:

'माल आधी आला. आमच्या सुट्टीची आठवण तुम्ही ठेवलीत. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे जुळी झाली. तुमच्या खोक्यातल्या औषधावर दोघंही श्वास घेताहेत. तुम्ही कोण, मला माहीत नाही. मी भांडारातली बाई. तुमचे फार उपकार झाले.'

त्यांनी बटण दाबलं. 'पाठवणी एकोणीस'च्या पुढे लाल खूण उमटली.

हिशेबनिसांचा चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. "अहो ताई, खरंच पाठवलीत? मी आपली गंमत केली. तिकडे तक्रारींवरून माणसाची बढती ठरते. करारातच लिहिलंय तसं."

"पण आत मी चांगलंच लिहिलंय की."

"आत कोण डोकावतंय? लाल खुणा तेवढ्या मोजतात."

तक्रार मागे घ्यायचं बटण ताईंनी शोध शोध शोधलं, पण ज्याने सोय केली त्याला माणसं मागे फिरतात हे ठाऊकच नसावं. दुपारी डबा तसाच राहिला. ज्याने न मागता हात दिला त्याच्याच पोटावर आपण पाय दिला, एवढं एकच त्यांच्या मनात घोळत होतं. घरी नवऱ्यावर उगाच डाफरल्या, आणि त्यानेही शहाण्यासारखं कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. ते उघडायचा ताईंना धीर होईना, तेव्हा हिशेबनीसच खुर्ची सरकवून शेजारी येऊन बसले.

'तक्रार मान्य. माल ठरल्या वेळी न आल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. असा प्रकार पुन्हा घडणार नाही.'

"झालं," ताई म्हणाल्या. "गुन्हा कबूल करून घेतला बिचाऱ्याकडून."

"थांबा हो, खाली अजून आहे." हिशेबनिसांनी पडदा वर सरकवला आणि चष्मा पुसायला घेतला. तेव्हा ताईंनीच वाचलं.

'साहेबांनी तुमची तक्रार आम्हा सगळ्यांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवली. लाल खूण पुसू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, असू दे, ती माझी आहे. बाळांना माझ्याकडून एकेक पापा. आणि वरचं उत्तर यंत्राचं आहे, त्याच्यावर जाऊ नका. पुन्हा घडेल.'