समोरच्याचं वजन

"समोरच्याचं वजन इचारायचं न्हाय पोरी, नुसतं पाय रोवून हुबं ऱ्हायाचं." लहानपणी तालमीच्या मातीत उतरवताना आबा तेजस्वीला हेच सांगायचे.

यंदा आबाच दवाखान्यात पडले. रक्तात साखर वाढलेली, त्यात नाकातून चढलेली काळी बुरशी. एक डोळा काढावा लागला. "डॉक्टर काय म्हणालं गं?" ते रोज विचारत. "वजन इचारायचं न्हाय," म्हणत ती त्यांची उशी सारखी करी.

आज घरी सोडलं. कसबा बावड्यातल्या घराच्या दारात तिनं त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. उरल्या डोळ्यानं हसत आबा म्हणाले, "हलकाच गडी निघाला की."

तेव्हा कुठं तेजस्वीचा आवाज ओला झाला. "हलका न्हवता, आबा. ह्या दुखण्यात निम्मी माणसं घरी परतत न्हाईत, म्हणालते डॉक्टर."