बुडणारं माणूस

ब्रिटिश रहस्यकथांच्या वेडापायीच वाचनालयात मृणालिनी आणि रघुवीरची ओळख झाली आणि पन्नाशीत दोघांनी लग्न केलं. वाचून झालेल्या कादंबरीवरची मालिका रविवारी दुपारी लावायची आणि तिच्यातल्या चुका काढायच्या, हा त्यांचा लाडका उद्योग.

आज पडद्यावरच्या तळ्यात एक बाई हात आपटत, किंचाळत बुडत होती.

"साफ खोटं," चिवड्याचा बकाणा भरत रघुवीर म्हणाला. "बुडणारं माणूस ओरडत नाही. नुसतं आपल्याकडे बघत राहतं."

मृणालिनी हसायला गेली, पण हसू फुटेना. त्याची पहिली बायको धरणात बुडाली होती. तेव्हा आपण नागपूरला होतो, असं त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" तिने विचारलं.

तो वाटीतला चिवडा चाळवू लागला. "वाचलंय कुठेतरी."

"चहा टाकते," म्हणत ती उठली. स्वयंपाकघरात नळ सोडून तिने भावाला फोन लावला. "दादा, मला न्यायला ये. आत्ताच्या आत्ता."

बाहेर मालिकेचा आवाज थांबला. रघुवीर दारात उभा होता.

"दादाला म्हणावं, उगाच कशाला धावपळ?" तो शांतपणे म्हणाला. "मीच नेऊन सोडतो तुला."