चुन्याची रेघ

त्र्यंबक मास्तरांनी खळ्यावर चुन्याची पहिली रेघ ओढली आणि पाड्यावरची सगळी पोरं एक पाऊल मागे सरकली.

मास्तरांना वाटलं, पोरं लाजतायत. ते हसले आणि पिशवीतली फक्की मुठीने सोडत पुढे गेले. खळं नुकतंच शेणाने सारवलेलं होतं. कडेला नागलीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि त्यांचा कोरडा, गोडसर वास येत होता. त्या काळी सूर्यमाळच्या उतारावर सपाट जागा म्हणजे ती एवढीच. मास्तर तीवर वहाणा घालून फिरत होते. खळ्यावर वहाणा घालून कुणी जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सगळे नुसते बघत होते.

"या रे इकडे," मास्तर म्हणाले. "हुतूतू तुम्हाला येतोच. आता नियमाने खेळायचा. दम धरून ही रेघ ओलांडायची, पलीकडच्या गड्याला शिवायचं आणि परत यायचं."

"वलांडायची?" म्हातारा नवसू उकिडवा बसला होता, त्याने विचारलं.

"हो बाबा. ओलांडली नाही तर खेळ कसला?"

नवसूने सुनेकडे पाहिलं. तुळशीने आपल्या लेकीचा, चिमीचा दंड धरला. रानातून हाळी दिली तर दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जाईल असा त्या पोरीचा दम. ती कधीची पायाच्या बोटांवर उभी होती.

"आन यात तुला काय मिळंल?" नवसू म्हणाला.

"मला? काहीच नाही. जव्हारला आम्ही चौघांनी मंडळ काढलंय. पाड्यापाड्यावर आखाडा करायचा, पोरांना खेळवायचं. बस."

"पोरं तं खेळतातंच," तुळशी म्हणाली. "त्यांना कोन सांगाया लागतंय?"

मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नवसू हसला नाही.

"काय नको बोलनारा मानूस मी एकदाच पायला," तो म्हणाला. "रानाचा शिपाई. पयल्या दिशी असाच बोलला. मला काय नको, झाडाला जरा पांढरा लावतो."

मास्तरांना काही उमजेना. बोलून समजत नाही तर करून दाखवू, म्हणून त्यांनी धोतराचा काचा मारला आणि हुतूतू, हुतूतू करत स्वतःच रेघेपलीकडे उडी घेतली. कोटाची शेपटं उडाली. चिमी खुदकन हसली. तुळशीची पकड घट्ट झाली.

"तू जाशील," ती मास्तरांना म्हणाली. "तुला कोन धरील? जिव्याचा बैल चुन्यापल्याड गेला. तो आजून जव्हारच्या कोंडवाड्यात हाय." मग तिने हनुवटीनेच वर दाखवलं.

मास्तरांनी मान वर केली. उतारावर ऐनाची झाडं ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीवर पांढरा पट्टा होता. पट्ट्यांच्या अलीकडे पाडा, पलीकडे संस्थानचं राखीव रान. इथल्या पोरांना चालता येण्याआधी तो पांढरा रंग ओळखायला शिकवत.

"ह्यो चुना कुठला?" नवसूने विचारलं.

"हा?" मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "जंगलाच्या कचेरीतला. उरलेला होता. त्यांनी फुकट दिला."

एका बाईने आपलं मूल उचलून कडेवर घेतलं.

"उद्या शिपाई आला," तुळशी म्हणाली, "आन त्याला इथं पांढरा दिसला, तं तो बोलंल खळा बी आमचा. मंग आमी नागली कुठं झोडायची? तुझ्या मंडळात?"

मास्तर खाली बसले. खांद्यावरचं उपरणं काढून रेघ पुसू लागले. ओल्या शेणात चुना बसला होता. जितकं पुसावं तितका तो पसरत गेला. बोटभर रेघेचा हातभर पट्टा झाला. मास्तर घामाघूम झाले.

"थांब थांब! वाढवतोस काय आनखी!" तुळशी ओरडली.

ती घरात गेली आणि सुपात चुलीची राख घेऊन आली. पांढऱ्यावर तिने राख पाखडली, पायाने दाबली, पुन्हा पाखडली. खळं करडं झालं. सुपात मूठभर राख उरली होती. ती हातात घेऊन तुळशी जरा वेळ उभी राहिली. चिमी तिच्याकडे बघत होती.

"वहाना काढ," तुळशी मास्तरांना म्हणाली.

मास्तरांनी वहाणा काढून खळ्याबाहेर ठेवल्या.

तुळशीने वाकून राखेची एक बारीक रेघ ओढली. "आता तू पल्याड उभा ऱ्हा. आमची पोर तुला शिवंल. तू तिला धरायचं नाय."

"धरलं नाही तर खेळ..." मास्तर बोलता बोलता थांबले. "बरं. नाही धरत."

चिमी सुटली. तिचा हुतूतू वरच्या ऐनांपर्यंत गेला. तिने मास्तरांच्या गुडघ्याला थाप मारली, त्यांच्याभोवती एक पुरी गिरकी घेतली आणि दम न मोडता परत आली. पोरं ओरडली. त्यांतले बारक्या आणि लाडक्या कुणी न सांगता रेघेशी येऊन उभे राहिले.

तुळशीने खेळ पाहिलाच नाही. ती सगळा वेळ खालच्या वाटेकडे बघत होती. चिमी धापा टाकत आली तशी तिने वासराचा खूर उचलावा तसा तिचा एकेक पाय उचलून तळवा पाहिला. टाचेला जरासं पांढरं होतं. तिने अंगठ्याला थुंकी लावून ते घासून काढलं.

मग तिची नजर मास्तरांकडे गेली. ते राखेच्या रेघेपलीकडे तसेच उभे होते, अनवाणी. पुसापुशीत त्यांचे हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

"चिमे, मास्तरला पानी दे," ती म्हणाली. "हातपाय धू रे नीट, मास्तर. वाटंला शिपाई असंल."