लेबलबाई

"नाव वाचल्याशिवाय काचपट्टीला हात लावायचा नाही," असं ती सगळ्यांना इतकं दटावायची, की प्रयोगशाळेत तिचं नावच लेबलबाई पडलं होतं. तीन वर्षं खपून तिने पेशींपासून गुडघ्याची कूर्चा वाढवली होती. त्या कूर्चेत खरं कोलॅजन, म्हणजे अस्सल कूर्चेतलं प्रथिन आहे, हे अँटीबॉडीने तपकिरी रंग देऊन दाखवलं, तरच काम पुढे चालणार होतं. नाहीतर आज गाशा गुंडाळायचा. पण ती अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी फ्रीजर बिघडून केव्हाच मेल्या होत्या आणि कुपीत शेवटचा एकच थेंब उरला होता.

टेबलावर दोन पट्ट्या होत्या. एकीवर तिची कूर्चा, दुसरीवर ताडून पाहण्यासाठी वडिलांच्या एका गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेली. थेंब एकीलाच पुरणार होता. तो आपल्या कूर्चेला द्यायचा ठरवून, कुपीवरची नजर न हटवता तिने पट्टी पुढे ओढली आणि थेंब सोडला.

दोन तासांनी तपकिरी रंग उमटला. तिने रडतरडतच फोन लावला.

"बाबा, रंग आला!"

"अगं, मग रडतेस कशाला? दुसरा गुडघा मी तुझ्यासाठीच राखून ठेवलाय!"

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ती पट्टी उजेडात धरली. त्यांचा चेहरा उतरला.

"लेबलबाई, थेंब टाकताना नाव वाचलं होतंस ना?"

 

पट्टीच्या कडेला, तिच्याच टपोऱ्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'बाबा'.