आवाज बारीक येतोय

निजलं गं पान, निजलं गं रान,
माझ्या सोन्याची कलली मान...

आईचा हा आवाज धाकट्याच्या कानात लहानपणीच घर करून बसला होता. जाडसर, ऊबदार, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पांघरुणासारखा. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. तो बोबडं बोलत होता तेव्हाच ती गेली. मागे उरली ती अंगाईची एक कॅसेट, आणि ती वाजवायचा टेपही केव्हाच भंगारात गेलेला.

आता त्याच्या लेकीला मुलगी झाली होती. पणजीच्या आवाजात पणती निजणार, एवढं एकच वेड त्यानं घेतलं होतं. स्टुडिओवाल्यानं कॅसेटमधला कण न् कण टिपून भलीमोठी फाइल करून दिली. ती मोबाईलवर ऐकून विटाळायची नाही म्हणून त्यानं डॅक आणला: कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून स्पीकरला देणारी तळहाताएवढी डबी. ऐकायला ताईलाही मुद्दाम बोलावलं. आणि दुपार कलली तरी आवाज काही धड लागत नव्हता.

“बारीक येतोय,” धाकटा करवादला. “चिमणीसारखा! फाइलची चाल एक, ही डबी पळतेय दुसऱ्याच चालीनं.”

“मला तर छान येतोय ऐकू,” ताई म्हणाली. ती सोफ्याच्या कडेवर टेकली होती, पर्स मांडीवर धरून, आत्ता उठते की मग उठते अशी. “झालं ना ऐकून? बंद कर आता.”

“छान काय छान! तुला कान आहेत की नाहीत?”

त्यानं केबल बदलली. मग भोक बदललं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आवाज बारीकच. डबीवरचा दिवा हिरवा होता, आणि माहितीपुस्तिका म्हणत होती की पूर्ण ताकदीच्या फाइलला तो निळा हवा. सापडला चोर! त्यानं स्टुडिओवाल्याला फोन लावला.

“काका, तुमचा कॉम्प्युटर मधे दलाली करतोय,” तो पलीकडून म्हणाला. “आवाज आपल्या मापानं कापून पुढे देतोय. प्लेअरच्या सेटिंगमधे जा, त्याला म्हणावं, थेट डबीशी बोल.”

सेटिंग सापडेपर्यंत धाकट्याच्या नाकी नऊ आले. चष्मा कपाळावर गेला, पुन्हा नाकावर आला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, नसेल वाजत तर द्या इकडे ती डबी. लवंगा ठेवते.”

“तुम्ही बायका जरा गप्प बसाल का!”

“मी कुठे काय बोलले?” ताई म्हणाली.

दिवा निळा झाला. खोलीत अचानक दुसरीच एक खोली उघडली. गाण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. खुर्ची करकरली. मागे भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक चालत होता. आणि आवाज... आवाज तसाच, कोवळा, बारीक.

धाकट्यानं कपाळावर हात मारला. “आजार म्हशीला, औषध पखालीला! दिवा सुधारला आणि आवाज तिथंच!”

फोन अजून चालूच होता. “काका, निळा दिवा म्हणजे जसं आहे तसं वाजतंय.”

“जसं आहे तसं? आईचा आवाज तू मला शिकवणार?”

“तसं नाही हो. मागे घड्याळ वाजतंय ना? तुमच्या हातातल्या घड्याळाशी ताडून बघा. वेग चुकला असेल तर काटा पुढे पळेल.”

धाकट्यानं मनगट स्पीकरजवळ नेलं. टक, टक, टक. कॅसेटमधला काटा आणि हातावरचा काटा पावलाला पाऊल लावून चालले होते. त्यानं गाणं मागे नेलं, पुन्हा ताडलं. तसूभर फरक नाही. त्याचा हात तिथेच अधांतरी राहिला.

“मग घड्याळच खोटं असेल ते,” तो पुटपुटला. फोन तोंडाशी आणून मोठ्यानं म्हणाला, “हे बघ, ते वेगबिग मला नको सांगूस. तू आवाज खाली ओढ. जाड कर. मी इथे ऐकतो आणि सांगतो, आई कुठे लागते ती. संध्याकाळी फाइल लेकीला जायला हवी.”

“करता येईल, काका. कितपत जाड?”

“अरे, आईसारखा! बाईमाणसासारखा! पोरीचा गळा नको.”

ताईनं पुढे होऊन फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. पर्स मांडीवरून खाली पडली. तिनं उचलली नाही.

“काय करतेस? इतका वेळ मरमर मरतोय मी...”

“नको ओढायला लावूस,” ताई म्हणाली. “डबीचं काही बिघडलेलं नाही. बिघडला होता तो आपला टेप. त्याचा पट्टा सैल पडलेला, सगळं संथ वाजायचं, जाड वाजायचं.”

“काय बोलतेस?”

“आई गेल्यावर दुपारी मी शाळेत जायचे, आणि तू कुणाजवळ निजायचा नाहीस. शेजारच्यांच्या टेपवर मीच आईची अंगाई गाऊन भरून ठेवली. बाबा आपल्या टेपवर लावायचे.” तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. “पहिल्याच दिवशी मी शाळेतून आले तर तू दारात नाचत होतास. म्हणालास, ताई, आई आली होती.”