चौऱ्याण्णवावं पद

"यात एकच पद आहे, सर," सौंदर्या म्हणाली.

शेषाद्रीरावांना हसू आलं. मेलकावेरीत कॉम्प्युटरचे वर्ग चालवणाऱ्या बाईलाही कधी कधी नीट दिसत नाही म्हणायचं!

"खाली बघ अम्मा. चौऱ्याण्णव आहेत."

ती खाली गेली. खाली पांढरंफटक पान होतं.

आठ महिने, एकेका पदाला दोन-तीन दिवस घेत, राव वडिलांच्या वहीतली विठ्ठलाची पदं लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवत होते. वडिलांनी ती आजोबांच्या ताडपत्रांवरून उतरवली होती. तंजावरकडच्या जुन्या मराठीतली ही पदं सगळ्या कुंभकोणम्‌मध्ये दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पानं इतकी जीर्ण की झेरॉक्सवाल्याने हात लावायला नकार दिला, शाई इतकी फिकी की फोटोत उमटेना. ती वाचू शकणारे डोळे आता फक्त रावांचे उरले होते, त्यातल्याही एकात मोतीबिंदू.

काल शेवटचं पद झालं. आज सकाळी चिंचेचा भात डब्यात भरता भरता बायकोने, जयलक्ष्मीने, विचारलं होतं, "अस्की पदं लिहून जाहली का हो?"

"अस्की जाहली. एक उरलं नाही."

"नीट राहतील ना?"

"मी जाईन, ती राहतील," राव ऐटीत म्हणाले होते.

"बरं. आज आडी अठरा, कावेरीच्या पुराची पूजा. मी नदीस जाऊन येते," असं म्हणून ती हळदीची वाटी आणायला देवघरात गेली. रावांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. गोविंदपुरम्‌च्या भजनी मंडळींना छापील प्रत द्यायची होती.

"सर, रोज कसं करत होता ते करून दाखवा बघू," सौंदर्या म्हणाली.

राव सरसावून बसले. फाइल उघडली, कालचं पद निवडलं आणि पुसायला बोट नेलं. सौंदर्याने झटकन त्यांचा हात धरला.

"पुसता?"

"कालचं आत साठलं ना! नवं पद स्वच्छ फळ्यावर." अडतीस वर्षं शाळेत घालवलेला माणूस. पोरांनी उतरवून घेतलं की फळा पुसायचा, ही हाताला लागलेली सवय.

सौंदर्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"सेव्ह केलं की पडद्यावर असेल तेवढंच राहतं, सर. जुन्याच्या जागी नवं बसतं. दोन्ही हवी असतील तर सेव्ह ॲज करून दुसरं नाव द्यायचं. नाहीतर त्याच फाइलीत खाली खाली लिहीत जायचं."

"पण मी रोज सेव्ह केलं. एक दिवस चुकलो नाही."

"म्हणूनच गेली, सर."

तिने शोध शोध शोधलं. कचऱ्याची टोपली उपसली, तात्पुरत्या फाइली पाहिल्या. घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे बाहेर कुठे प्रत असायचा प्रश्नच नव्हता. तासाभराने तिने मान हलवली. फी भरायला पैसे नसलेल्या पोरासारखे राव खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. रडावं असं वाटत होतं, पण परक्या बाईपुढे रडणार कसं?

"वही आहे ना पण?" तिने विचारलं.

रावांच्या जिवात जीव आला. हे आपल्याला कसं सुचलं नाही!

"आहे तर! देवघरात, लाल रेशमी फडक्यात."

"मग झालं. पुन्हा लिहा. प्रत्येक पदाला वेगळं नाव. आणि दर शुक्रवारी पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे या." तिने सगळं एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

आणखी आठ महिने. डोळा तेवढा टिकला पाहिजे. टिकेल. चिठ्ठी खिशात जपत राव घरी आले ते जवळजवळ गुणगुणतच.

अंगणातल्या दोरीवर लाल रेशमी फडकं वाळत होतं. पाणी अजून ठिबकत होतं.

जयलक्ष्मी दारात आली. गळ्यात पूजेचा नवा पिवळा दोरा, लुगड्याचा काठ ओला, चेहऱ्यावर भरून पावल्याचं समाधान.

"मामंजींनी ताडपत्रं नदीस दिली होती तशीच दिली हो मी," ती म्हणाली. "अस्की उतरून जाहली म्हणालात ना, मग जुनी वही घरात ठेवूं नये. हळदकुंकू लावून कावेरीस सोडली. काय पाणी होतं म्हणून सांगू! डोळ्यांदेखत गेली."