फक्त पाहण्याची परवानगी

जाळी नाहीशी झाली.

योरलेनीच्या डोळ्यांदेखत. पडद्यावर चरकाचं चित्र होतं. चित्रात तीन रोलर, रोलरांपुढे ऊस घालायचं लांब तोंड, आणि तोंडावर तिनं अकरा दिवस खपून बसवलेली संरक्षक जाळी. एक निळा ठिपका चित्रभर फिरत होता. निळा ठिपका म्हणजे बोगोताचे डॉक्टर फार्फान, तिकडे आपल्या टेबलाशी बसून, याच क्षणी, याच चित्रात. ठिपका जाळीवर थांबला आणि जाळी गेली.

डॉक्टर म्हणजे इंजिनिअर, तिच्या चित्रावरून चरक बनवून विकणारे. बोगोतात टाय लावणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो.

"परत आण की," मागून कुस्तोदिओकाका म्हणाले. नवा चरक कसा दिसतो ते बघायला ते आपलं गुऱ्हाळ मुलीवर टाकून ग्वेप्सा गावच्या या वर्कशॉपात आले होते.

तिनं मागे फिरण्याचा बाण दाबला. बाण करडा होता. सगळीच बटणं करडी होती. वर एक ओळ होती, मघाशी नसलेली: तुम्हाला हे चित्र फक्त पाहता येईल.

"चित्र तुझंच ना?"

"मीच काढलं."

"मग?"

मग काय. इंटरनेटवरच्या फुकटच्या खात्यातलं चित्र साऱ्या जगाला उघडं असतं. नदीपलीकडच्या वर्कशॉपवाल्यानं तिची दोन यंत्रं अशीच बघून बघून बनवली होती. म्हणून डॉक्टरांनी आपल्या पैसे भरलेल्या खात्यात जागा देऊ केली, तेव्हा तिनं चित्र तिकडे हलवलं. आनंदानं. आभार मानून.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे चोराच्या भीतीनं घर शेजाऱ्याच्या नावावर केलंस. शाबास, इंजिनिअरीणबाई."

चित्राच्या कडेला शेरे लिहायची सोय अजून चालू होती.

*१०:१४. योरलेनी: डॉक्टर, जाळी चुकून गेली का?*

*१०:१६. फार्फान: चुकून नाही. नऊ किलो वजन उतरलं. आता तोंडही आखूड करतोय.*

*१०:१६. योरलेनी: तोंड नको.*

*१०:१७. योरलेनी: ते बहात्तर सेंटीमीटर मी हात मोजून ठेवलेत. ऊस घालणाऱ्या बाईचा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत. रोलरला लागू नये म्हणून.*

*१०:१७. फार्फान यांनी हा मुद्दा मिटवला.*

हात नुबियाचा होता, काकांच्या मुलीचा. टेप धरल्यावर तिला गुदगुल्या झाल्या होत्या.

योरलेनीनं फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा डॉक्टरांनी उचलला.

"अगं राणी, मीटिंगमध्ये आहे मी."

"डॉक्टर, तुम्ही चित्रात आहात. मला दिसताय."

ते हसले. "बरं, पकडलंस. हे बघ, शुक्रवारी पत्रा कापायला जातोय. चाळीस चरक, एका दमात. आणि तुझी जाळी गुऱ्हाळवाले पहिल्याच दिवशी उपटून फेकतात. ऊस भराभर जात नाही म्हणून. फेकतात की नाही? खरं सांग."

खरं होतं.

"काही जण फेकतात," ती म्हणाली.

"झालं तर मग!"

फोन ठेवला गेला. तोंडाच्या बाजूचा आकडा खाली उतरत होता. ६५. ५०. जरा थांबला, जणू कुणी विचार करतंय. ३८.

काकांनी टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि आपल्या हाताला लावली. मधल्या बोटापासून अडतीस. पट्टी कोपराच्या थोडी अलीकडे संपली. त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"आमच्याकडे येईल त्याला तू इथं जाळी बसव," ते म्हणाले. "तोंडही लांब कर. मी काय बोगोताला सांगायला जातोय?"

"तुमच्याला बसवीन काका. पण बाकीचे एकोणचाळीस कुठे जाणार, तेही मला कळणार नाही."

"विचार त्याला."

तिनं लिहायला घेतलं. अर्ध्या वाक्यात अक्षरं उमटेनाशी झाली. शेऱ्यांचा रकानाही करडा पडला होता.

दोघं बघत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि उठवतही नव्हतं. निळ्या ठिपक्यानं चरकाला हिरवा रंग दिला. मग पिवळा. मग परत हिरवा.

मग चित्रात एक माणूस आला.

राखाडी, टकला, तयार मिळतो तसला. दोन्ही हात पुढे केलेला.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. जाहिरातीच्या कागदासाठी घेतलाय. चरक केवढा आहे ते कळावं म्हणून शेजारी उभा करतात."

ठिपक्यानं माणसाला चरकापुढे आणलं. अंतर मनासारखं दिसेना, म्हणून थोडं पुढे ढकललं. मग आणखी थोडं. माणसाचा उजवा हात तोंडातून आत गेला, रोलरांपर्यंत पोचला आणि रोलरांतही शिरला, कोपरापर्यंत. चित्रात लोखंड आणि हात एकमेकांना अडवत नाहीत. कुठे लाल रेघ उमटली नाही. काही वाजलं नाही.

मग रोलर फिरू लागले. डॉक्टरांना ते फिरताना बघायचे होते. माणूस समोर बघत तसाच उभा राहिला.

कुस्तोदिओकाका पडद्याकडे वाकले.

"अरे," ते हळूच म्हणाले, "मागे सर ना."